बोतेकिचीच्या गालावरची शितं

तातेनोसानांशी बोलायचं म्हणजे त्यांच्या टकलाशी बोलायची तयारी ठेवावी लागे. माणूस उद्धट नव्हता, नजरच कायम जमिनीवर असायची. वसंतात चेरी फुलली की सगळं मिनाहोरी गाव माना वर करून हिंडतं. हे मात्र गळलेल्या पाकळ्या साचून कुठलं झाकण निसरडं झालंय ते बघत फिरायचे. आमच्या नगरपालिकेच्या मलनिस्सारण विभागात ते एकेचाळीस वर्षं होते, त्यातली शेवटची सतरा माझ्या समोरच्या टेबलाशी. गावात मॅनहोलची झाकणं सहा हजार चारशे बारा. माझा वाढदिवस त्यांच्या कधी लक्षात राहिला नाही. पण कुठलं झाकण कुठल्या कडेला किती झिजलंय ते विचारा, कागद न बघता सांगायचे.

"इसोबेसान," ते मला म्हणायचे, "चांगलं झाकण कुणाला दिसत नाही. लोकांना झाकण दिसायला लागलं की समजायचं, कुणीतरी पडलंय."

त्यांच्या टेबलामागे एक लोखंडी कपाट होतं. नवा माणूस कामाला लागला की त्याला वाटायचं, यात नकाशे असतील. असायच्या चपला. कातडी बूट, गमबूट, लाकडी गेता, म्हाताऱ्या बायका घालतात त्या रबरी सपाता, आणि माझी एक उंच टाचेची चप्पल. ती त्यांनी माझ्याकडून 'दोन दिवसांसाठी' नेली होती, त्याला अकरा वर्षं झाली. कारखान्यातून नव्या झाकणाचा नमुना आला की तातेनोसान तो मागच्या आवारात मांडायचे, त्यावर किटलीने पाणी ओतायचे आणि एकेक पादत्राण चढवून वर एका पायावर उभे राहायचे. घसरण मोजायचं रीतसर यंत्र आमच्याकडे होतं. "यंत्राला घरी जायची घाई नसते," असं त्यांचं म्हणणं. माझी टाचेची चप्पल घालून, कुंपणाला धरून, साठीचा माणूस एका पायावर उभा आहे, हे दृश्य मी जेवणाच्या सुट्टीत कितीदा पाहिलंय. पलीकडच्या टेबलावरचा गोन्दा तर खिडकीत खुर्ची टाकून बसायचा.

हसायचो आम्ही, पण मी जरा बेतानेच. कारण मला माहीत होतं.

मी त्यांच्याच गल्लीत राहते, चार घरं सोडून. मी शाळेच्या शेवटच्या वर्गात होते तेव्हाची गोष्ट. फेब्रुवारी महिना. बर्फ वितळवायला रस्त्यातल्या नळ्यांतून पाणी उडत होतं, त्या पाण्यातल्या गंजाने आमचे रस्ते बारा महिने तांबडे असतात. सुमिएकाकू, म्हणजे तातेनोसानांच्या पत्नी, कचऱ्याची पिशवी घेऊन दाराबाहेर पडल्या आणि दारापुढच्या झाकणावर पाय पडताच सपशेल आडव्या झाल्या. खुब्याचं हाड मोडलं. आईने आणि मीच त्यांना उचलून आत नेलं. तेव्हापासून त्यांच्या हातात काठी आली. आणि झाकण म्हणजे आता चावतंय की मग चावतंय, असं समजून त्या लांबून वळसा घालतात. मासळीच्या दुकानापर्यंतच्या दहा मिनिटांच्या वाटेला त्यांना पंचवीस मिनिटं लागतात.

ते झाकण तातेनोसानांनीच निवडलेलं होतं. तरुणपणी त्यांच्यासमोर तीन नमुने ठेवले होते. त्यातलं मोठ्या, गुळगुळीत पाकळ्यांच्या कमळाचं त्यांना फार देखणं वाटलं आणि त्यांनी त्यावर शिक्का मारला. हे अख्ख्या गावाला माहीत, आणि यावर घरात चकार शब्द नाही. सुमिएकाकू माझ्या आईला म्हणाल्या होत्या, "अगं, मी नुसता विषय काढला ना, की हे उठून अंघोळीला जातात. त्या वर्षी माणूस दिवसातून तीनदा अंघोळ करत होता." एकवीस वर्षांत माफी नाही, भांडण नाही, काही नाही. फक्त कपाटातल्या चपला वाढत गेल्या.

तर अशा माणसाच्या निवृत्तीच्या शेवटच्या वर्षी आमच्या नगराध्यक्षांना चित्रांची झाकणं सुचली.

त्यांचाही दोष नाही. आजूबाजूच्या सगळ्या गावांनी कार्टूनची रंगीत झाकणं बसवली होती. ती बघायला ओसाकाहून माणसं येतात. गुडघ्यावर बसून फोटो काढतात, नगरपालिकेतून माणशी एक असं झाकणाचं फुकट कार्ड घेतात, ते वहीत लावतात, नूडल्स खाऊन परत जातात. आमच्याकडे तर हुकमी एक्का होता. बोतेकिची! गुबगुबीत पांढऱ्या गालांचं, सदा भुकेलं पाणमांजराचं पिल्लू. चाळीस वर्षं मुलांच्या मासिकात त्याच्या गोष्टी येतायत, आणि त्या काढणाऱ्या मोमोसे सेन्सेई, म्हणजे आमच्या चित्रकारबाई, मूळच्या इथल्याच, नदीकाठच्या तेलाच्या दुकानातल्या.

नगराध्यक्ष स्वतः आमच्या विभागात आले. "तातेनोसान, गावाचं नाव होईल! पाच झाकणं. मार्चअखेर बसली पाहिजेत."

"त्याचे गाल मोठे आहेत," तातेनोसान चित्राकडे बघत म्हणाले.

"हो ना! गोड आहेत!"

"सपाट आहेत."

नगराध्यक्षांना काही कळलं नाही. मला कळलं. झाकणाचा निम्मा पृष्ठभाग एका पाणमांजराच्या गालांनी व्यापलेला, आणि त्यावर पायाला धरायला काहीच नाही. रंग भरलेलं गुळगुळीत बीड, वर पाणी, आणि त्यावर पाय कुणाचा ते सांगायला नको.

त्यांनी चित्रावर पेन्सिलीने उंचवटे काढले. दोन्ही गालांवर मिळून अडतीस टेंगळं. मोजून, मापून, एकमेकांपासून सारख्या अंतरावर. मी ते टोकियोला पाठवलं. आठवड्यात मोमोसे सेन्सेईंच्या कार्यालयाचं उत्तर आलं, अत्यंत नम्र, चार ओळींचं. ऋतूच्या शुभेच्छा, आपल्या परिश्रमांबद्दल आदर, आणि गालांवर उंचवटे शून्य. तातेनोसान बत्तीसवर आले. कार्यालय शून्यावरच राहिलं. तातेनोसान सव्वीसवर आले आणि त्यांनी सोबत घसरणीचे अकरा तक्ते जोडले. उत्तरात ऋतू तेवढा बदलला होता.

"सही करून टाका हो," गोन्दा म्हणाला. "यंत्राच्या चाचणीत पास होतंय ना? काठावर का होईना."

"काठावरून माणूस पडतो," तातेनोसान म्हणाले.

"तुमच्या सहीवाचून मार्चअखेर उजाडला, तर नगराध्यक्ष तुम्हाला निरोपाची फुलंसुद्धा देणार नाहीत."

"मला फुलं नकोत." आणि ते किटली घेऊन खाली गेले. नेहमी भरून न्यायचे, त्या दिवशी रिकामीच घेऊन गेले. माणूस खरोखर टेकीला आला होता. सही केली असती तर सुटले असते, पण पुन्हा एकदा देखणं झाकण निवडल्याचा आळ स्वतःवर घेऊन घरी कुठल्या तोंडाने गेले असते?

नोव्हेंबरात मोमोसे सेन्सेई स्वतःच येऊन धडकल्या. दोनची वेळ कळवली होती, आल्या साडेबाराला. वय अठ्ठ्याहत्तर, उंची माझ्या खांद्याएवढी, डोक्यावर जांभळी टोपी. तातेनोसान तेव्हा घरून आणलेला ओनिगिरी, म्हणजे भाताचा गोळा, खात होते. नव्या तांदळाचे दिवस होते, आमच्याकडचा नवा भात चिकट असतो. पाहुण्यांना बघून त्यांनी उरलेला गोळा अख्खा तोंडात कोंबला, ताडकन उठून कमरेत वाकले, आणि वर आले तेव्हा उजव्या गालावर एक शीत चिकटलेलं होतं.

ते मी पाहिलं, गोन्दाने पाहिलं, चहा घेऊन येणाऱ्या बाईंनीही पाहिलं. सांगणार कोण? वरिष्ठांना पाहुण्यांसमोर असलं काही सांगायची आमच्यात पद्धत नाही, मग घर जळालं तरी चालेल.

सेन्सेईंनी तातेनोसानांचं पेन्सिलीचं चित्र टेबलावर आपटलं. "हे काय आहे? माझ्या पोराला देवी आल्यात?"

"सेन्सेई, ते उंचवटे आहेत."

"चाळीस वर्षं मी ते गाल काढतेय. बोतेकिची म्हणजे गाल. त्याला बाकी काय आहे? अक्कल आहे? नाही. गुण आहेत? नाहीत. गाल आहेत! आणि तुम्ही तेच खरबरीत करताय!"

"आपण क्षणभर खाली याल का?" तातेनोसान म्हणाले.

आवारात विनाउंचवट्याचा रंगीत नमुना ठेवलेला होता. बोतेकिची दोन्ही गाल फुगवून आभाळाकडे बघत होता. तातेनोसानांनी कपाटातले कातडी बूट चढवले, किटलीने गालांवर पाणी ओतलं आणि म्हणाले, "आता बघा. मी हळूच पाय ठेवतो."

हळूच ठेवला. पुढचं मला नीटसं सांगता येणार नाही, इतकं ते झटकन झालं. किटली एकीकडे गेली, बूट एकीकडे, आणि मलनिस्सारण विभागाचे प्रमुख ढुंगणावर आपटून मोमोसे सेन्सेईंच्या पायाशी येऊन थांबले. वरच्या खिडकीतून गोन्दाचा "अगं आई गं" ऐकू आला.

सेन्सेई आधी घाबरल्या. मग त्यांनी वाकून तातेनोसानांकडे नीट पाहिलं, आणि लहान पोराला सांगतात त्या सुरात म्हणाल्या, "अहो, तुमच्या गालाला डबा लागलाय."

तोंडाला शीत चिकटलं की आमच्याकडे पोरांना असंच म्हणतात. तातेनोसानांनी गालावर हात फिरवला. शीत हलेना. पडल्यावरसुद्धा जागचं हललं नव्हतं! सेन्सेई खो खो हसत सुटल्या, आणि मग एकदम थांबल्या.

"कोण पडलं होतं?" त्यांनी विचारलं. "तीन पत्रं आणि अकरा तक्ते. माणूस उगाच एवढं लिहीत नाही."

तातेनोसान जमिनीवरच बसले होते. "एक बाई," ते म्हणाले. आणि किटली शोधायला लागले.

सेन्सेईंनी पुढे विचारलं नाही. वर येऊन त्यांनी जाड पेन्सिल मागितली आणि बोतेकिचीच्या गालांवर शितं काढायला सुरुवात केली. एक आडवं, एक तिरकं, दोन तोंडाजवळ, एक पार कानापाशी. दणकून जेवलेल्या पोराचं तोंड असतं ना, हुबेहूब तसं. तातेनोसान पट्टी घेऊन शेजारी उभे.

"अठरा," ते म्हणाले. "अजून आठ लागतील."

"तोंडाला इतका भात कुणाच्या लागतो?"

"आमच्या गावचा भात आहे, सेन्सेई."

"मी याच गावची आहे, मला शिकवू नका," असं म्हणत त्यांनी आठ शितं आणखी काढली. शेवटी दोघांनी वाकून नमस्कार केले. सेन्सेई साडेतीनच्या गाडीने परत गेल्या, जाताना आमच्या कॅन्टीनमधून दोन ओनिगिरी बांधून घेऊन गेल्या.

मार्चच्या मध्यावर झाकणं आली. कातडी बूट, गमबूट, गेता, सपाता, माझी चप्पल, सगळं एकेक चढवून तातेनोसान वर उभे राहिले आणि हलले नाहीत. मग त्यांनी शिक्का मारला. पहिलं झाकण बाजारपेठेच्या कोपऱ्यावर बसलं, मासळीच्या दुकानासमोर. नगराध्यक्षांनी भाषण केलं, बालवाडीच्या मुलांनी टाळ्या वाजवल्या, सगळं झकास पार पडलं.

आणि मग एक पंचाईत झाली. झाकणावर कुणी पायच देईना.

बोतेकिचीच्या तोंडावर पाय? छे! जो तो त्याच्यापाशी येऊन थांबायचा, "वा, काय गोड," म्हणायचा आणि बाजूने जायचा. शाळेची पोरं एका रांगेत वळसा घालत. सायकलवाले उतरून सायकल ढकलत नेत. तिसऱ्या दिवशी तर कुणीतरी त्याच्यापुढे संत्रं ठेवलं. सहा महिने ज्या गालांसाठी माणसाने जिवाचं रान केलं, त्या गालांवर गावाचा एकही तळवा पडेना. तातेनोसान रेनकोट घालून कोपऱ्यावर उभे राहायला लागले.

"कृपया पाय द्या," ते येणाऱ्याजाणाऱ्याला वाकून सांगत. "पाय देण्यासाठीच आहे."

"अहो, पण तो जेवतोय," एक आजी म्हणाल्या.

"जेवू द्या त्याला. तुम्ही या वरून."

"तुम्ही नगरपालिकेचे ना? लहानपणी काही वळण लागलं नाही वाटतं." आणि आजी वळसा घालून गेल्या.

मी छत्री घेऊन त्यांना जेवायला बोलवायला गेले होते, त्याच दिवशी सुमिएकाकू आल्या. उशिराचा बर्फ पडत होता, रस्त्यातल्या नळ्यांतून पाणी उडत होतं, झाकण चकचकीत ओलं. काकू काठी टेकत मासळीच्या दुकानाकडे निघाल्या होत्या. झाकणाच्या अलीकडे दोन हातांवर त्या थांबल्या. सगळ्या गावाला वाकून सांगणारा माणूस, बायकोसमोर मुका झाला.

"काय हो," काकू म्हणाल्या, "याच्या तोंडावर पाय कसा द्यायचा?"

"मुद्दाम केलंय," तातेनोसान म्हणाले. "म्हणजे... तुझ्या... पायाला धरतं."

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग काठी पुढे टाकली, डाव्या गालावर एक पाय ठेवला, मग उजव्यावर दुसरा. तशाच उभ्या राहिल्या. शितांवरून पाणी वाहत होतं. मला रडू आलं, ते मी छत्रीआड लपवलं.

"घट्ट आहे," काकू म्हणाल्या. वर सपाता घासून पाहिल्या. "चांगलं आहे. आणि आपल्या दारापुढचं?"

तातेनोसानांची नजर पुन्हा जमिनीवर गेली.

होय, कमळाचं झाकण एकवीस वर्षांनंतरही तिथेच होतं. बदलायची झाकणं जुनी होतील त्या क्रमाने बदलतात आणि तातेनोसानांच्या गल्लीची पाळी सात वर्षांनी होती. मी आणि गोन्दाने कितीदा सुचवलं, एक झाकण मधेच घालू, कोण बघतंय. त्यावर ते असे भडकले होते, की आम्ही दोन दिवस त्यांच्यासमोर गेलो नाही. स्वतःच्या घरासाठी रांग मोडणारा माणूस त्यांच्या लेखी चोर होता.

"पाळी सात वर्षांनी आहे," शेवटी ते म्हणाले.

"बरं," काकू म्हणाल्या, आणि झाकणावरून उतरून मासळी घ्यायला गेल्या. त्यांना बघून मागची बाईही बोतेकिचीवरून सरळ चालत गेली, तिच्यामागे आणखी दोघं.

एकतीस मार्चला निरोप समारंभ झाला. नगराध्यक्षांनी फुलं दिली. तातेनोसानांनी चपलांचं कपाट माझ्या ताब्यात दिलं, किल्ली मोजून दिली, एकच होती तरी.

एक एप्रिलला सकाळी साडेआठला आम्ही खिडकी उघडली, तर रांगेत पहिले तातेनोसान. कोट, टाय, हातात नागरिकांच्या तक्रारीचा अर्ज, चौदा रकान्यांचा. तो अर्ज त्यांनीच तयार केला होता. तक्रार लेखी आली आणि अपघात झालेला असला, तर क्रम बाजूला ठेवून तीस दिवसांत झाकण बदलावं लागतं. हा नियमही त्यांचाच. नोकरीत असताना स्वतःच्या विभागाकडे तक्रार करणं त्यांना शोभलं नसतं. आज ते नुसते नागरिक होते.

"सुप्रभात," ते म्हणाले. "तक्रार नोंदवायची आहे."

"बसा ना, तातेनोसान."

"नाही. रांग आहे." रांगेत त्यांच्यामागे कुणीही नव्हतं.

अर्ज घेतल्यावर तक्रारदाराला तो वाचून दाखवावा लागतो, चूकभूल नको म्हणून. मी वाचायला लागले. नाव. पत्ता. झाकणाचा क्रमांक. अपघाताची तारीख, हेइसेई पंधरा, म्हणजे दोन हजार तीन, फेब्रुवारीची नऊ. तेराव्या रकान्यापाशी, 'अपघाताचं स्वरूप, थोडक्यात', मी थांबले. त्यांच्या टापटीप अक्षरात तिथे लिहिलं होतं: 'पत्नी पडली. झाकण मी निवडलं होतं. मला क्षमा असावी.'

ते मी कसंबसं पुटपुटले. "बरोबर आहे का?"

"बरोबर आहे. पण इसोबेसान, जरा मोठ्याने वाचा," तातेनोसान म्हणाले. "सुमिए मागे बाकावर बसली आहे."

मी पुन्हा पहिल्यापासून वाचलं.